पाण्यातील वजन

दिनांक ९ मार्च १९३९, गुरुवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. वजन एकशे ब्याण्णव पौंड. खामगावच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात, कापसाचे बोजे तोलण्याच्या फळीकाट्यावर, नुसत्या पंचानिशी उभे राहून उत्तमराव लहाने यांनी दांडीवरचे वजन बोटाने सरकवत नेले. दांडी जरा वेळ डुलली, थरथरली आणि समतोल झाली. आकडा त्यांनी दोनदा वाचला. गेल्या ऑक्टोबरच्या अकरा तारखेस, याच काट्यावर, याच वेळी, याच पंचानिशी ते दोनशे चौदा पौंड भरले होते. पाच महिन्यांत बावीस पौंड उतरले. आठवड्याला पौंडाहून किंचित अधिक. जे योजले होते ते घडले होते, आणि योजलेले घडले म्हणजे, सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षे ओव्हरसियर म्हणून काढलेल्या माणसाला जे समाधान वाटते, ते वाटायला हवे होते. उत्तमरावांनी त्याची क्षणभर वाटही पाहिली. ते आले नाही. आणि ‘हे बावीस पौंड कशाचे?’ असा प्रश्न, दुसऱ्या कोणी विचारावा तसा, मनात उभा राहिला.

खरे म्हणजे तो प्रश्न आदल्या संध्याकाळीच घरात आला होता. जानेफळहून त्यांच्या वहिनी, सोजराबाई, मोटारीने आल्या होत्या. थोरले बंधू तुळशीराम वारले त्याला या चैत्रात चार वर्षे होतील. त्यानंतर वहिनींचे खामगावला येणे हे पहिलेच. ओसरीवर पाय धुता धुता त्यांनी दिराकडे पाहिले. या मुलखात माणूस उतरलेला दिसला की पाहुणी बाई पहिला बोल घरधनिणीला लावते, म्हणून उत्तमरावांच्या पत्नीने, मंजुळाबाईंनी, आपले उत्तर आधीच तयार ठेवले होते. “मी उपाशी नाही ठेवत हो जाऊबाई,” त्या म्हणाल्या, “रोज दीड घंटा जिनातल्या हौदात उभे राह्यतात म्हशीवानी. म्हैस तरी दूध देते.” सोजराबाई हसल्या नाहीत. बैलबाजारात जनावर पाहावे तशी त्यांची नजर उत्तमरावांच्या दंडांवरून, मांड्यांवरून, पुन्हा दंडांवर आली. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, “भाऊजी, पानी लई लागते का हो आजकाल?” “उन्हाळा लागला वहिनी,” उत्तमराव म्हणाले. “हाव,” सोजराबाई म्हणाल्या, “उन्हाळा तं लागलाच.” आणि त्यांनी पदराने पाय पुसले. एवढेच झाले. पण उत्तमरावांच्या उशाशी रोज भरून ठेवलेला तांब्या पहाटे रिकामा सापडत होता, आणि तो संक्रांतीपूर्वीही रिकामाच सापडत होता. त्यांच्या वहीत हौदातल्या फेऱ्या होत्या, पाण्याची उष्णता होती, भाकरींची संख्या होती, नाडीचे ठोके होते. तांब्याची नोंद नव्हती. आपण ती का केली नाही, हे त्यांना काट्यावर उभे असताना कळले, आणि कळताच त्यांनी दुसरीकडे पाहिले.

अंग सुटले ते सेवानिवृत्तीनंतर. नोकरीत असताना मेहकर-लोणारच्या रस्त्यावर, जळगाव जामोदकडच्या नाल्यांवरच्या मोऱ्यांवर, दिवसाला दहा-बारा मैल पायी होत. पंचावन्नाव्या वर्षी हुकूम हातात पडला, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत खुर्ची, पानदान आणि मंजुळाबाईंच्या हातचे तूप यांनी आपापले काम चोख बजावले. लहान्यांचे घराणे मुळातच अंगाने भरलेले. आडनाव लहाने आणि पसारा तालुक्याएवढा, ही थट्टा गावात दोन पिढ्यांची. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यांनी जाब विचारला. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, पण चालू नका, गुडघे जातील, पाण्यात चाला. हा उपाय उत्तमरावांना एकदम पटला, कारण त्यात आधाराचा हिशेब होता. छातीभर पाण्यात माणसाचे ओझे गुडघ्यांवर जेमतेम चौथाई येते, आणि श्रम मात्र पुरते पडतात. जिनाच्या व्यवस्थापकांशी जुना स्नेह होता. बॉयलरघराशेजारी साठ फूट लांबीचा दगडी हौद. इंजिनातून परतणारे कोमट पाणी त्यात पडे, म्हणून पौषातल्या थंडीतही अंगाला झोंबत नसे. उत्तमरावांनी दोन्ही हातांच्या मापाच्या दोन लाकडी फळ्या करून घेतल्या. त्या पाण्यात आडव्या धरायच्या, पाणी पुढे लोटायचे, आणि चालायचे. चाळीस फेऱ्या जाताना, चाळीस येताना. पाण्यावर कापसाचे उडून आलेले पुंजके तरंगत असत. त्यांना कापत ते जात, आणि वळून पाहत तोवर पुंजके पुन्हा मिळून आलेले असत.

जिनातला तोलणारा कडूबा हे सारे काट्याशेजारी बसून पाही. चाळीस वर्षांत त्याने किती लाख बोजे तोलले असतील, याचा अंदाज त्यालाही नव्हता. पण कोणता बोजा कोणत्या गावचा आणि किती भरला, हे तो महिन्यांनंतर सांगत असे. ओव्हरसियर हा शब्द तो आपल्या धंद्याच्या सोयीने उच्चारी. “ओव्हरशेर साहेब,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “तुमच्या तं नावातच शेर हाय. शेरावर शेर चढवून बसले तुमी, मंग काटा काय करंल?” उत्तमराव त्या वेळी मोकळेपणी हसले होते. ऑक्टोबर महिना होता, दोनशे चौदा पौंड अंगावर होते, आणि भीती नावाची गोष्ट त्या आकड्यात नव्हती. उतरवायचे ओझे समोर दिसत होते. दिसणाऱ्या ओझ्याचे भय वाटत नाही.

त्याच दिवशी, निव्वळ जुन्या विद्येच्या हौसेने, त्यांनी आणखी एक माप घेतले होते. पुण्यास इंजिनिअरिंग कॉलेजात ओव्हरसियरच्या वर्गात असताना प्रयोगशाळेत पितळेचा तुकडा आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून त्यात भेसळ किती, हे काढायला शिकवले होते. माणसाच्या देहातली भेसळ तशीच काढता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. लोणी ताकावर येते. चरबी पाण्यावर येते. मांस आणि हाड तळाशी जाते. म्हणजे चरबी गेली तर माणूस जमिनीवर हलका होईल, पण पाण्यात तो जड होईल, कारण तरंगवणारी वस्तूच गेली. आणि मांस गेले तर तो जमिनीवरही हलका होईल आणि पाण्यातही हलका होईल. फळीकाटा हा भेद सांगू शकत नाही. तो दोन्ही वेळी एकच आकडा दाखवतो. पाणी सांगते. तीन बल्ल्यांची तिकाटी हौदावर उभी करून, तिला तबकडीचा काटा टांगून, त्याला झोपाळ्याची फळी लावली. देह मुळातच बुडायला राजी नव्हता, म्हणून मांडीवर पाच-पाच पौंडांची चार लोखंडी वजने घ्यावी लागली. कडूबाने ती माप घालताना मोजतात तशी, एकाच्या जागी लाभ म्हणत, मोजून दिली, “लाभ, दोन, तीन, चार.” उत्तमरावांनी छातीतला सगळा वारा सोडला, डोके पाण्याखाली घेतले आणि निश्चल बसले. पाण्याखालचा माणूस आपला आकडा आपण वाचू शकत नाही. तबकडी कडूबाने वाचली, आणि पंधरा पौंड सांगितले. वहीत पंधरा लिहिले गेले. पुढे ते माप विसरल्यासारखेच झाले होते; पुन्हा घेण्याचे काही कारण नव्हते.

आता कारण होते. काट्यावरून उतरून ते हौदाच्या कडेला बसले. पाय पाण्यात सोडले. कोमट पाण्यात आपल्या पोटऱ्या त्यांना अनोळखी दिसल्या. वर गुडघ्याची वाटी आणि खाली घोटा, आणि मधे दोन्हींना जोडण्यापुरते काहीतरी. आणि मग जे त्यांनी चार वर्षे दार लावून बाहेर ठेवले होते, ते आत आले. मार्गशीर्षातले दिवस; जानेफळच्या शेतातली विहीर; आणि पाण्यावर उताणे पडलेले तुळशीरामदादा. दादा त्या वेळी एकसष्ट वर्षांचे. देह उत्तमरावांपेक्षाही आडवा, पण शेतकामाने कमावलेला. विहिरीत उतरले की पूर्वी पाणी काठाला आपटे, आणि तरंगत राहायला दादांना हातपाय सारखे मारावे लागत. त्या दिवशी ते पाण्यात उतरले आणि नुसते पडले. हात हलवले नाहीत, पाय हलवले नाहीत. वाळलेला भोपळा राहावा तसे राहिले; पायाचे अंगठे वर, पोट वर, आणि दंडांची कातडी पाण्यात कापडासारखी हलत असलेली. “उत्तम, पाह्य बे,” ते म्हणाले, “पान्यानं मले झेललं.” वरच्या दगडावर बसलेले उत्तमराव हसले होते. दादाही पुष्कळ हसले. चार महिन्यांत दादांचे अर्धे अंग उतरले होते, आणि गावातल्या सगळ्यांना त्याची काळजी वाटत असताना, शिकलेल्या धाकट्या भावाने त्यांना मोठ्या खात्रीने सांगितले होते, “बरं झालं दादा, ओझं उतरलं.” दादा पडल्या पडल्या ओंजळीने विहिरीचे पाणी पीत होते. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरी. कडेला सोजरावहिनी दोर धरून उभ्या होत्या. चैत्रात दादा गेले, तेव्हा चौघांच्या खांद्यांना त्यांचे वजन जाणवलेसुद्धा नाही.

ज्याला पितळेतली भेसळ काढता येत होती, त्याच्या डोळ्यांसमोर एका माणसाच्या देहातले मांस जात होते आणि पाणी ते उघड उघड सांगत होते. ती मधुमेहाची व्याधी होती, हे उत्तमरावांना मागाहून, दुसऱ्याच कोणाचा आजार ऐकताना कळले. तीत तहान लागते, लघवी वाढते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि देह स्वतःलाच खाऊ लागतो. अकोल्यास त्यावर सुई मिळते, हेही तेव्हाच कळले. ती सुई आता निघाली, दादांच्या वेळी नव्हती, असे त्यांनी बरेच दिवस मानून पाहिले. पण ती दादांच्या वेळीही होती.

आणि गेल्या काही आठवड्यांत हौदात फेऱ्या संपल्यावर उत्तमराव जरा वेळ उताणे पडत, तेव्हा पाणी त्यांनाही झेलू लागले होते. त्याला ते सराव समजले होते.

“कडूबा,” त्यांनी हाक मारली, “तिकाटी लाव.” कडूबा उठला. होळी होऊन चार दिवस झाले तरी त्याच्या कानांच्या पाळ्यांवर रंग होता. “आज काऊन जी?” त्याने विचारले. “आज पुन्हा तोलायचं. दसऱ्याच्या वक्ताले तोललं होतं तसंच. तीच फळी, तेच लोखंड.” कोणता आकडा चांगला आणि कोणता वाईट, हे त्यांनी कडूबाला मुद्दाम सांगितले नाही. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून नाडी पाहणाराही थोडे इकडचे तिकडे सांगतो. तोलणारा तर आपलाच माणूस. आपल्या मनात दोन्ही आकड्यांची वाटणी त्यांनी आधीच करून ठेवली. पंधराच्या वर जे येईल, ते जगण्याच्या बाजूचे. पंधराच्या खाली जे येईल, ते दादांच्या बाजूचे. आयुष्यभर माणूस बुडू नये म्हणून धडपडतो, आणि आपण त्रेसष्टाव्या वर्षी अधिक बुडावे म्हणून पाण्यात उतरत आहोत, हे त्यांना जाणवले. पण हसू आले नाही.

फळीवर बसताच ती हेलकावली. कडूबाने मांडीवर लोखंड ठेवले. त्यांनी श्वास सोडला, पुन्हा सोडला, बरगड्या आत दाबून उरलेसुरलेही काढून टाकले, आणि डोके खाली घेतले. वरचा कारखाना एकदम दूर गेला. सरक्या वेगळ्या करणाऱ्या यंत्रांची धडधड कानांतून निघून छातीत आली. डोळे उघडे होते. हिरवट उजेडात आपले हात त्यांना समोर दिसले, लोखंडावर ठेवलेले, आणि ते आपले न वाटता दादांचे वाटले. अंगठ्याच्या मुळाशी तीच खळगी, मनगटाशी तेच सैल कडे. लोखंड खाली ओढत होते आणि देह वर निघू पाहत होता, लोखंडाला सोडून, फळीला सोडून, जणू त्याला कोणी वर बोलावले होते. ‘बस,’ ते देहाला म्हणाले. ‘बस खाली.’ पाच, सहा, सात, असे ते मोजत होते. छातीत जाळ उठला. ऑक्टोबरात देह असाच ओढत होता का? त्या वेळी इकडे लक्षच नव्हते; त्या वेळी हा खेळ होता. आता कानशिलांत रक्ताचे ठोके येत होते, आणि प्रत्येक ठोक्याला फळी किंचित वर, किंचित खाली होत होती. तेवढ्यानेही आकडा बिघडेल, या धास्तीने त्यांनी आपले हृदयच थांबवण्याचा विचार केला. मग आकडा वाचून झाल्याची खूण म्हणून कडूबाने हौदातल्या नळावर पान्हा ठोकला. ठण, असा आवाज पाण्यातून थेट दातांत शिरला. ते वर आले.

“सोळा,” कडूबा म्हणाला.

श्वास जागेवर आला तसे ते पुन्हा खाली गेले. पुन्हा सोळा. तिसऱ्या वेळी सोळा. मग फळीवरून उतरून, नुसते लोखंड पाण्यात टांगून त्यांनी तबकडी स्वतः तपासली. लोखंड साडेसतरा दाखवत होते, ऑक्टोबरातही त्यांनी स्वतः वाचले होते ते साडेसतराच. काटा खरा होता. पंधराचे सोळा झाले होते. जमिनीवर बावीसने उणे, पाण्यात एकाने अधिक. हौदाच्या ओल्या दगडावर बोटाने त्यांनी गणित मांडले; बावीसमध्ये चरबी पंधरा, मांस सात. पुष्कळच चांगले. या वयात, इतक्या मेहनतीत, सात पौंड मांस जाणारच. तांब्या? उन्हाळा. श्रम. कोमट पाण्यात दीड तास घाम गळतो आणि तो पाण्यात दिसत नाही, एवढेच. देह वर ओढत होता तो भास. भीतीने माणसाला काहीही भासते. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली, मिस्त्रीने चिरा बसवावा तशी, आणि प्रत्येक चिरा बसताना उत्तमरावांच्या अंगात ऊब चढत गेली. त्यांनी टॉवेलने पाठ पुसली. आज मंजुळेला पुरणपोळी करायला सांगावी. वहिनींनाही बरे वाटेल. वहिनींना दंड पुढे करून म्हणावे, पाहा, हे माझे आहे, हे गेले नाही. आणि दादांचे काय, असा एक धागा मनात कुठेतरी ओढला गेला. तोही त्यांनी आज सैल सोडला. आज नव्हे.

“कडूबा,” ते मोठ्याने म्हणाले, “माणूस वाळला आणि जड झाला, असं पाह्यलं का कधी? पाच महिन्यांत मी पान्यात एक पौंडानं वाढलो.”

कडूबा तिकाटीची दोरी सोडत होता. त्याने मान वळवली. “वाढले? वाढले कसे जी? एकानं उतरले नं.”

“उतरलो नाही बापा. दसऱ्याले पंधरा होतो. आज सोळा.”

“दसऱ्याले सतरा होते,” कडूबा म्हणाला.

“पंधरा. वहीत लिहिलं हाय. तूच सांगतलं.”

“सांगतले पंधरा, साहेब. काट्यावर सतरा होते.” कडूबाने दोरीचे वेटाळे खांद्यावर टाकले. त्याच्या आवाजात कसलाही गुन्हा नव्हता. उलट, एवढीशी गोष्ट या शिकलेल्या माणसाला ठाऊक नसावी याचे नवल होते. “दोन पौंड कडता कापला नं म्यां. दसऱ्याचा माल ओला असते. दंव पडेल कापूस येते, पानी मारेल येते. मंग तोलामागं दोन पौंड कडता सारेच कापतात. आन तुमी तं बुडालेलेच होते. कडता नाही कापला असता तं माहं इमान गेलं असतं.”

“आणि आज?”

“आज फागुन हाय जी. संक्रांत झाली का माल सुका. आता कडता कोन कापते?”

यंत्रे चालू होती. बॉयलरघरातून कोणी कोणाला हाक मारत होते. उत्तमराव टॉवेल हातात धरून उभे राहिले. कडूबाला कधी काही चुकीचे आठवत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आणि कडूबाने फसवलेही नव्हते. ओल्या वस्तूच्या वजनातून ओल वजा करायची, ही चाळीस वर्षांची सचोटी होती. खडीचा ढीग मोजताना आतल्या पोकळीची वजावट त्यांनी स्वतः तीस वर्षे अशीच डोळे मिटून केली होती. कोणत्या ढिगात पोकळी किती, हे कधी उकरून पाहिले नव्हते. राग यायला हवा होता, तोही आला नाही. मघाशी बसवलेले चिरे एकेक करून, फारसा आवाज न करता, खाली उतरले. सतराचे सोळा. दगडावरचे मघाचे आकडे वाळून गेले होते. त्यांनी पुन्हा बोट ओले केले. बावीसमध्ये चरबी पाच. मांस सतरा. देह वर ओढत होता, तो खरे सांगत होता.

“काही चुकलं का साहेब?” कडूबाने विचारले.

“नाही,” उत्तमराव म्हणाले. “तुह्यं तोलणं बराबर हाय.”

घराचा रस्ता दहा मिनिटांचा. तेवढ्यात त्यांच्या मनाने पुष्कळ वाटा काढून पाहिल्या, आणि प्रत्येक वाट सोयीची होती. पंधरा हा आकडा वहीत शाईने लिहिलेला आहे. कडूबाला आकडे सोडले तर लिहिता-वाचता येत नाही. त्याच्या आठवणीवर वहीतला आकडा खोडायचा का? वही मंजुळा कधीमधी उघडते. तिला सोळा पाहून आनंदच होईल. पंधराचे सोळा. हे सांगितले तर घरात कोणीही तपासून पाहणार नाही. दादांनाही कोणी तपासून पाहिले नव्हते. धाकटा भाऊ म्हणाला होता, बरे झाले, आणि त्या एका वाक्यावर साऱ्या घराने चार महिने धीर धरला होता. चौकात एक गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. बैल संथपणे पीत होते. उत्तमराव उभे राहिले. त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, आणि त्या कोरडीला आता दुसरे कोणतेही नाव देता येत नव्हते.

घरी मंजुळाबाई आत होत्या. सोजराबाई ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. उत्तमराव शेजारी पायरीवर टेकले. 

“वहिनी, विहिरीत दादा तरंगले होते, त्या दिवशी मी हसलो होतो.”

“हाव,” सोजराबाई म्हणाल्या. हात थांबले नाहीत. “तुमी हसले म्हून तेबी हसले. घरी आल्यावर मले म्हने, उत्तम हसला नं, मंग घोर नाही. तो शिकेल हाय.”

“त्यांची लघवी तपासली होती का कोणी?”

“तपासाची असते, हे कोनी सांगतलंच नाही भाऊजी.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. “सांगतलं असतं तं गाडी जुपली असती मी. घरचे बैल होते, रस्ता तुमीच बांधेल होता.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर झेलता आला असता. उत्तमरावांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे पाहत ते म्हणाले, “माझी तपासायची आहे. उद्या सकाळच्या मोटारीनं अकोल्याले जातो. संगं येता का?”

सोजराबाईंचा हात सुपात तसाच राहिला. त्यांनी दिराच्या तोंडाकडे पाहिले. काल पाहिले तसे नव्हे. मग उठल्या, सूप भिंतीला टेकवले, पदर खोचला. “येतो,” त्या म्हणाल्या. “मंजुळेले मी सांगतो. तुमी नका सांगू, तुमाले सांगता येनार नाही.” आणि त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून भांडे ठेवल्याचा आवाज आला. उत्तमरावांनी कोनाड्यातून वही काढली, दौत काढली. ऑक्टोबरचे पान उघडले. ‘१५’ या आकड्यावर पट्टी धरून त्यांनी एक सरळ रेघ ओढली, वर ‘१७’ लिहिले, आणि शेजारी, दुरुस्ती करणाऱ्याने करावी तशी, तारखेनिशी सही केली. मार्चच्या पानावर आजची ओळ घातली. जमिनीवर : एकशे ब्याण्णव. पाण्यात : सोळा. शाई वाळू दिली. मग शेवटच्या रकान्यात, जिथे पाच महिन्यांचा निष्पन्न फरक लिहायचा, तिथे त्यांनी लिहिले :

पाण्यातील वजन, उणे एक पौंड.